पालथी परात

२ जून, सॅडल हिल

पोचलो एकदाचे! कटॅनिंगहून निघाल्यापासून क्लाइव शिट्टीवर एकच चाल वाजवतोय, आणि तीही अर्धीच. पुढची अर्धी त्याला येत नाही. लग्नाआधीपासून ऐकतेय, कधीच आली नाही. चालत्या गाडीत उठून दुसरीकडे बसायची सोय नसते, म्हणून मुकाट ऐकून घेतलं. पण आता कॅरव्हॅन टेकडीच्या पायथ्याशी लागली आहे, दारापुढे छत ताणलंय, घडीच्या खुर्च्या मांडल्यात आणि चहाही झालाय. समोर लाल माती, लाल टेकडी, मधूनमधून मल्ग्याची खुरटी झाडं. मला बाई आवडली जागा.

क्लाइव शाळेची बस चालवायचा आणि मी त्याच शाळेचं कँटीन सांभाळायचे. दोघंही आता मोकळे. जूनपासूनचा इथला अख्खा हिवाळा सोन्यामागे हिंडायचं हे त्याचं जुनं खूळ, आणि मी एकदाची हो म्हणाले. सोनं मिळालं तर बरंच, नाही मिळालं तर उन्हात बसून पुस्तकं वाचीन.

वाटेत बॅरेट्स सोकला पेट्रोल भरलं. गाव म्हणजे एक पंप, एक दुकान आणि त्याच दुकानाच्या मागच्या अंगाला बार. तिन्हीची मालकीण डल्सी. ही बाई हसते तेव्हा काउंटरवरच्या बाटल्या किणकिणतात. सोनं सापडलं तर पहिली बिअर माझ्याकडे प्यायची, म्हणाली, आणि नाही सापडलं तरी माझ्याकडेच, कारण दुसरं दुकानच नाही. क्लाइवने माझ्याकडे बोट दाखवून तिला विचारलं, हिला नवरा सोन्यात बदलून मिळतो का? ती म्हणाली, मिळतो, पण तुझ्याएवढ्याचं अंगठीपुरतंही यायचं नाही. गाडीत बसेपर्यंत दोघं खिदळत होती.

४ जून

काम कसलं, कवायत आहे. इथे पाणी नाही, त्यामुळे सोनं धुवायचं नाही, उपणायचं. क्लाइवने घरच्या गॅरेजमध्ये स्वतः यंत्र बनवलंय. वर चाळणी, खाली उतरती फळी, फळीवर आडव्या पट्ट्या आणि फळीखाली भाता. मी फावड्याने माती वर टाकायची, त्याने भात्याची मूठ फिरवायची. हलकं असतं ते उडून जातं, जड असतं ते पट्ट्यांशी अडकतं. वाऱ्याची बाजू माझ्याकडे आणि धुळीची त्याच्याकडे. नाकाला रुमाल बांध म्हटलं तर म्हणतो, मग शिट्टी कशी वाजवू?

जुन्या काळच्या लोकांनी इथली माती अशीच उपणली. त्यांचे ढीग अजून टेकडीभर पडलेत, वारुळांसारखे. त्यांच्या हातून बारीक कण सुटायचे, म्हणून आमच्यासारखे हौशी तेच ढीग पुन्हा चालवतात. त्यात वावगं काही नाही, सगळेच करतात. आज दोन ढीग केले. पट्ट्यांशी अडकलेलं आमच्या नव्या परातीत घोळवलं, तळाला तिळाएवढे चार कण चमकले तर क्लाइव असा नाचला की त्याची टोपी पडली.

खिंडीखाली एक ढीग मात्र निराळा आहे. बाकीचे बसके, पसरट. हा अरुंद आणि उभा, माझ्या छातीला लागेल एवढा. माथ्यावर एक जुनी लोखंडी परात पालथी घातलेली आणि तिच्यावर दगड. परात मी उचलून आणली. वाळूने घासली तर आतून चांगली निघाली. उद्या निखाऱ्यावर तिच्यातच पाव भाजते. क्लाइव त्या ढिगाकडे लोणचं बघावं तसा बघत होता. कुणी झाकून ठेवलंय म्हणजे आत काहीतरी आहे, असं त्याचं म्हणणं.

५ जून

क्लाइवचं खरं निघालं. झाकलेल्या ढिगाचा वरचा भाग चालवला आणि आजवर मिळालं नव्हतं तेवढं मिळालं. छोट्या बाटलीचा तळ झाकला गेला. सोन्याबरोबर पट्ट्यांवर आणखीही काय काय अडकलं: पँटची बटणं, पट्ट्याचं बक्कल, बुटाचे गंजके खिळे. क्लाइव म्हणाला, जुनी माणसं कचरा कुठेही टाकायची.

धूळ मात्र विचित्र. वारा माझ्या पाठीवर होता, म्हणजे ती खाली उतारावर जायला हवी. ती क्लाइवच्या भोवतीच राहिली. पांढरट, पिठासारखी. तो संध्याकाळी छताखाली आला तेव्हा पावाच्या भट्टीतून निघाल्यासारखा दिसत होता, आणि खोकत होता.

पाव दगड झाला. तीच कणीक, तेच प्रमाण, पण परातीतून काढताना मला दोन्ही हात लावावे लागले. क्लाइव म्हणाला, हा पाव पट्टीवर टाकला तर सोन्याआधी अडकेल. तरी त्याने तीन तुकडे खाल्ले. मी एक.

८ जून

ढीग संपला. शेवटचं फावडं टाकलं तेव्हा दिवस कलला होता.

क्लाइव थकलाय. सकाळी खुर्चीत बसला आणि खुर्चीचं कापड टरकन फाटलं. मी हसून म्हटलं, माझ्या पावाचा गुण! तो हसला नाही. उठला, दुसऱ्या खुर्चीत बसला, तिचा पाय वाकला. शेवटी पत्र्याची पेटी उलटी करून दिली.

दुपारी त्याच्या मागून चालत होते. इथली माती कडक, माझ्या बुटाची नुसती रेघ उठते. त्याचे पाय मात्र घोट्यापर्यंत उमटत होते.

आत्ता लिहिताना लक्षात आलं, आज दिवसभर शिट्टी ऐकली नाही. कालही नाही. मेलं, ज्याचा इतकी वर्षं जाच झाला ते बंद झालं तर मला चैन पडेना.

११ जून

मुद्दाम त्याच्यासमोर ती चाल मी शिट्टीवर वाजवली. मला धड येत नाही, तो नेहमी चेष्टा करतो. आज त्याने नुसतं बघितलं. ही चाल कुठली, असं मला विचारलं.

मग मी गमतीच्या गोष्टी काढल्या. आमच्या पहिल्या नाचाच्या रात्री तो लेमोनेडच्या टबात पडला होता, ती गोष्ट तो प्रत्येक नाताळात सांगतो. त्याला आठवेना. बसमधली पोरं, आमची लंगडी कुत्री, डल्सीचं अंगठीचं बोलणं, काहीच नाही. आणि मग स्वतःहून बोलायला लागला. धरणात बुडालेला भाऊ. आईचं शेवटचं दुखणं. आणि हेझल. आमची हेझल तीन महिन्यांची गेली आणि त्यानंतर या माणसाने तिचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. आज दुपारभर तिच्या दफनाचंच. हेझलची पेटी किती लहान होती. हेझलची पेटी किती लहान होती. मी म्हटलं, पुरे रे. तो थांबला नाही.

म्हणजे याच्यातलं हलकं सगळं गेलंय. उरलंय ते जड.

मी उगाच नाही लिहीत हे. यंत्र परवापासून बंद आहे, मूठ मी स्वतः काढून ठेवली आहे. तरी त्याच्याजवळ ती पांढरी धूळ उभी आहे. बसत नाही, पसरत नाही. भर दुपारी, वाऱ्याची झुळूक नसताना, माणसाच्या उंचीची.

आणि मघाशी तिच्यातून शिट्टी आली. तीच चाल. अर्धीच.

१३ जून

सकाळी क्लाइव पेटीवरून उठेना. काखेत हात घालून ओढलं, जागचा हलला नाही. ढोपरापर्यंत पाय मातीत गेलेत. पेटी चपटी झाली आहे. मी रडले, शिव्या दिल्या, सगळं झालं. मग त्याच्या हाताशी पाणी ठेवलं आणि गाडी घेऊन डल्सीकडे गेले.

डल्सीने आधी थट्टाच केली: काय गं, नवरा विकायला आणलास? माझा चेहरा बघून तिने मला बसवलं. मी सगळं सांगितलं. सांगता सांगता परातीपर्यंत आले तर तिने काउंटरवरचा हात उचलून तोंडावर धरला. म्हणाली, नोरीन, पालथी परात कुणी उचलतं का गं? मी म्हटलं, मला काय माहीत, आम्ही शेतीच्या मुलखातली माणसं! ती म्हणाली, इथे शेंबड्या पोरालाही माहीत असतं, म्हणून तर कुणी सांगत बसत नाही. त्या काळी कुणी मेला आणि जमीन खणता येण्यासारखी नसली, तर सोबती त्याला त्याच्याच उपणलेल्या मातीत झाकायचे आणि त्याची परात वर पालथी घालायचे. ही माती पुन्हा उपणू नका, एवढाच त्याचा अर्थ.

आम्ही एका माणसाचं थडगं भात्यावर धरलं. जड होतं ते बाटलीत भरलं आणि हलकं होतं ते उडवून दिलं. आणि मी त्याच्या परातीत पाव भाजला.

डल्सीने पलीकडच्या गावच्या दवाखान्याला फोन केला. गाडी येईल, पण वाट खराब, परवापर्यंत म्हणाले. मग दुकानाला कुलूप घालून दोर आणि जॅक घेऊन ती स्वतः माझ्यामागे आली. कशी नाही म्हणू, म्हणाली, बिअरचं गिऱ्हाईक आहे ते माझं.

दोर क्लाइवच्या काखेतून घातला आणि डल्सीच्या ट्रकला बांधला. ट्रकची चाकं जागच्या जागी फिरली, दोर तुटला. क्लाइवला खरचटलंसुद्धा नाही. चाकांनी उडवलेल्या मातीत ती पांढरी धूळ मिसळली आणि डल्सी तिच्यात सापडली. खोकली. बराच वेळ खोकली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, माणसं घेऊन येते. आवाज सपाट. घेतलेलं सगळं परत ठेव, एवढं सांगून ती गेली. ट्रकचे ठसे येतानाच्यापेक्षा जाताना खोल उमटलेत.

१४ जून

डल्सी आली नाही.

उजाडल्यापासून माती परत नेतेय. चाळलेली, न चाळलेली, बटणं, खिळे, बक्कल. बाटली उपडी केली. कॅरव्हॅनची फरशी झाडून सोन्याचा कणन् कण परत दिला. ढीग जिथे होता तिथे आता नुसती भुसभुशीत माती आहे. फावडं टेकवलं तर दांड्यापर्यंत आत गेलं. सरळ खाली भोक आहे. माणूस बसला तर मावेल एवढं. छताचा लांब खांब घातला, तळ लागला नाही.

हाडं मिळाली नाहीत ती यामुळे. तो तिथे नाहीच. तो खाली गेलाय.

भोक भरलं, वर मिळाली तेवढी माती रचली, परात पालथी घातली, दगड ठेवला. माफी मागितली. मोठ्याने मागितली.

शिट्टी थांबली नाही. कशी थांबेल? जड ते परत दिलं. हलकं कुठून आणू?

दुपारी टेकडीवरून डल्सीच्या हसण्याचा आवाज आला. मी धावत बाहेर आले. ट्रक नव्हता. कुणी नव्हतं. धूळ होती, आता पूर्वीपेक्षा रुंद.

१५ जून, सकाळ

क्लाइव कमरेपर्यंत. डोळे उघडे. श्वास चालू. हेझल, हेझल.

गाडी उभी आहे. किल्ली माझ्या खिशात आहे. मी जाऊ शकते. पण हा इथे एकटा खाली जात असताना मी कुठे जाऊ? कटॅनिंगला जाऊन काय करू, शांत घरात? मला माझा माणूस परत हवा. शिट्टीसकट.

एक उपाय सुचलाय. धूळ ओल्याला चिकटते.

१५ जून, दुपार

दोन चादरी. उरलेलं सगळं पाणी. धुळीत शिरून फडकावल्या. नाकातोंडात गेली, जाऊ दे. चादरी पांढऱ्या झाल्या. क्लाइवच्या तोंडावर, छातीवर, डोक्यावर पिळल्या. घे रे बाबा, घे, तुझं आहे.

आणि त्याने शिट्टी वाजवली!

माझा क्लाइव. ओठांचा चंबू, भुवया वर, तीच चाल. मी गुडघ्यांवर बसून हसत होते, रडत होते. चाल अर्ध्यावर आली. आता थांबेल, म्हटलं, नेहमी इथेच थांबतो —

थांबली नाही. पुढची अर्धी वाजवली. सफाईने. क्लाइवला कधीच न आलेली.

मग त्याने माझ्याकडे बघितलं आणि टोपी काढली, अनोळखी बाईसमोर काढतात तशी. सोबती कुठे गेले, असं विचारलं. पाणी आहे का, विचारलं. त्यांना मला उचलता येईना, म्हणून माती ओढली अंगावर, म्हणाला. मी जिवंत होतो बाई, म्हणाला.

मग ते परके डोळे, ढिगातल्या त्या माणसाचे, विझले आणि परत हेझल.

१५, संध्याकाळच्या आधी

कळलं आता. असे परातीचे ढीग उभे का असतात. आडव्या माणसाचे नसतातच.

सोबती वाईट नव्हते. उचलता येईना. आणि झाकलं नाही तर उरलेलंही उडून जातं. झाकलं तर माणूस निदान अख्खा खाली जातो. त्यांनी ते केलं. मला तेच —

नाही करणार. जिवंत माणसावर माती नाही टाकणार मी.

छातीपर्यंत. शिट्टी वर खिंडीत वाजतेय. डल्सी हसतेय. आणखी कुणीतरी खोकतंय, तो खोकला माझा आहे.

१६

टाकतेय. फावड्याने नाही, ओंजळीने. आधी अंगाभोवती. डोक्याला टोपी घातली, त्याची आवडती. त्याला सांगितलं, लेमोनेडचा टब. मला आठवतो अजून तो टब. पडल्यावर तू काय म्हणाला होतास तेही — काय म्हणाला होतास? काहीतरी म्हणाला होतास, सगळे हसले होते.

गेलं. होतं आत्ता.

आमची नवी परात त्याला. पालथी. दगड.

कॅरव्हॅनमध्ये जायला उठले. उठता आलं नाही.

१६ की १७

दवाखान्याची गाडी येईल. लांबच थांबा. उतरू नका. मला ओढू नका, दोर लावू नका, डल्सीचं काय झालं बघा —

पाय माझे. पेन कागदातून आरपार जातंय, हात एवढा —

त्याला टेकून बसलेय. पाठ लागते त्याच्या मातीला. ऊब आहे. आवाज येत नाही आतून. किंवा येतो. ती पेटी किती लहान होती क्लाइव. खरंच किती लहान होती.

माझ्याकडे ओंजळी टाकायला कुणी नाही. मीच माझ्यावर ओढतेय, गळ्यापर्यंत येते, त्याच्या वर जात नाही. डोकं उघडं राहतं. उडेल सगळं.

परात नाही उरली तिसरी. पावाचा गोल पत्र्याचा डबा आहे पायरीवर, तो चालेल. कुणी आलात तर लांबून टाका माती, श्वास धरून, आणि तो डबा पालथा घाला आणि वर दगड ठेवा, आणि काहीही चमकलं तरी हे दोन ढीग कधी, कुणीही, उप